तेरा देशांचा एक इशारा: चक्रीवादळाचे प्रादेशिक बुलेटिन वाचून किनाऱ्यावरील गावाची तयारी कशी करावी

अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाल्याची बातमी आली की कोकणातील मोबाईलवर वादळाचे नकाशे फिरू लागतात. त्यांपैकी बहुतेक नकाशे कोणी काढले, कोणत्या दिवशी काढले आणि त्यांवरील आकडे कोणत्या मापात आहेत, हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसते. वास्तविक या समुद्राभोवतीच्या तेरा देशांनी एकत्र येऊन उभी केलेली अधिकृत इशारा-व्यवस्था उपलब्ध आहे, तिचे बुलेटिन भारतीय हवामान विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य वाचता येते आणि थोड्या सरावाने ते समजूनही घेता येते. ग्रामपंचायतींच्या आपत्ती व्यवस्थापन समित्या, मच्छीमार सहकारी संस्था आणि बंदरावर काम करणारे कार्यकर्ते यांनी हे बुलेटिन कसे वाचावे आणि त्यावरून वेळेत कोणती पावले उचलावीत, हे या लेखात सांगितले आहे.

ही व्यवस्था कोणाची आहे

नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलेल्या भोला चक्रीवादळाने किमान तीन लाख माणसांचा बळी घेतला. त्यानंतर १९७२ मध्ये जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा आशिया-प्रशांत आयोग यांच्या पुढाकाराने बंगालचा उपसागर व अरबी समुद्र यांच्याभोवतीच्या देशांचे चक्रीवादळविषयक मंडळ स्थापन झाले. आज या मंडळात भारत, बांगलादेश, म्यानमार, श्रीलंका, मालदीव, थायलंड, पाकिस्तान, ओमान, इराण, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन हे तेरा देश आहेत. या सर्वांसाठी वादळाची स्थिती, मार्ग आणि तीव्रता यांचा अंदाज देण्याची जबाबदारी नवी दिल्लीतील प्रादेशिक विशेष हवामान केंद्राकडे आहे, आणि हे केंद्र म्हणजे भारतीय हवामान विभागाचाच एक भाग आहे.

वादळांची नावे हा या सहकार्याचा सर्वांना दिसणारा भाग होय. एप्रिल २०२० मध्ये जाहीर झालेल्या यादीत प्रत्येक देशाची तेरा, अशी एकूण १६९ नावे आहेत. रायगडला झोडपणाऱ्या ‘निसर्ग’चे नाव बांगलादेशाने सुचवले होते आणि ‘तौक्ते’चे म्यानमारने. मात्र नावाइतकीच एक मर्यादाही लक्षात ठेवली पाहिजे. दिल्लीचे केंद्र शेजारी देशांना अंदाज पुरवते. कोणते गाव रिकामे करायचे आणि कोणते बंदर बंद ठेवायचे, हा निर्णय प्रत्येक देशाचा हवामान विभाग आणि प्रशासन स्वतः घेते. मे २००८ मध्ये ‘नर्गिस’ म्यानमारच्या इरावती खोऱ्यावर आले, तेव्हा भारताने म्यानमारला सुमारे ४८ तास आधी कळवले होते, तरीही तेथे एक लाख तीस हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. शास्त्रज्ञांकडून निघालेला इशारा शेवटच्या वस्तीपर्यंत आणि त्या वस्तीतील माणसांच्या कृतीपर्यंत पोहोचला नाही, तर त्याचा काहीही उपयोग होत नाही. त्या शेवटच्या टप्प्याची जबाबदारी गावाने घेतली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

याच्या उलट उदाहरण जून २०२३ मधील ‘बिपरजॉय’चे आहे. हे वादळ दहा दिवसांहून अधिक काळ समुद्रात रेंगाळले, त्याच्या संभाव्य मार्गाचा अंदाज वारंवार बदलला आणि अखेर १५ जूनला ते कच्छमधील जखाऊ बंदराजवळ जमिनीवर आले. त्याआधी गुजरातमध्ये सुमारे एक लाख लोकांना आणि सीमेपलीकडे सिंधमध्येही हजारो लोकांना सुरक्षित स्थळी हलवण्यात आले होते. २०१४ नंतर सार्क देशांच्या प्रमुखांची शिखर परिषद झालेली नाही, तरीही हवामानाच्या माहितीची देवाणघेवाण थांबलेली नाही. राजकीय संबंध कितीही ताणलेले असले, तरी हा धागा तुटू न देणे सर्वांच्याच हिताचे आहे.

कोणते बुलेटिन, केव्हा पाहावे

समुद्र शांत असतानाही प्रादेशिक केंद्र रोज एकदा उष्णकटिबंधीय हवामानाचा आढावा प्रसिद्ध करते. पुढील काही दिवसांत कमी दाबाचे क्षेत्र तयार होण्याची शक्यता किती आहे, हे त्यात दिलेले असते. एप्रिल ते जून आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हे वादळांचे दोन हंगाम आहेत. त्या काळात समितीतील एका व्यक्तीकडे हा आढावा रोज वाचण्याचे काम नेमून द्यावे आणि ती गावाबाहेर असल्यास ते काम कोण करील, हेही आधीच ठरवावे. कमी दाबाची तीव्रता वाढून अवदाब तयार झाला की बुलेटिनांची संख्या वाढते आणि चक्रीवादळ झाल्यावर दर तीन तासांनी नवे बुलेटिन निघते.

वाऱ्याच्या वेगावरून ठरलेल्या पायऱ्या पाठ असाव्यात. ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वेगाला अवदाब, ५० ते ६१ ला तीव्र अवदाब आणि ६२ ते ८८ ला चक्रीवादळ म्हणतात. ८९ ते ११७ म्हणजे तीव्र, ११८ ते १६६ म्हणजे अतितीव्र, १६७ ते २२१ म्हणजे अत्यंत तीव्र चक्रीवादळ आणि त्यापुढे महाचक्रीवादळ. नाव फक्त चक्रीवादळाच्या पायरीवर मिळते. ‘अजून नाव पडलेले नाही’ म्हणून निर्धास्त राहणारे गाव तयारीचा मोलाचा वेळ गमावते, कारण होड्या परत बोलावण्याची वेळ अनेकदा तीव्र अवदाबाच्या अवस्थेतच आलेली असते.

भारतात देशांतर्गत इशारे चार टप्प्यांत दिले जातात. किमान ७२ तास आधी पूर्वसूचना येते, ४८ तास आधी पिवळ्या रंगाची दक्षतेची सूचना आणि २४ तास आधी नारिंगी रंगाचा इशारा. किनारा ओलांडण्याच्या किमान १२ तास आधी, जमिनीवर आल्यानंतर वादळ कोठून जाईल याचा लाल रंगातील अंदाज दिला जातो. बंदरांवरील बावटे ही याच माहितीची जुनी आणि आजही चालू असलेली भाषा आहे. एक व दोन नंबरचे बावटे दूरच्या समुद्रातील वादळाचे असतात, तीन व चार नंबरचे बावटे बंदरालाच वाऱ्याचा धोका असल्याचे सांगतात, पाच ते सात म्हणजे धोका आणि आठ ते दहा म्हणजे मोठा धोका. अकरा नंबरचा अर्थ हवामान केंद्राशी संपर्क तुटला असा असतो आणि तो सर्वांत गंभीर समजावा.

एक बुलेटिन बारकाईने वाचू या

समजा, प्रादेशिक बुलेटिनमध्ये पुढील माहिती दिली आहे: वेळ ०३०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ), केंद्र १५.५ अंश उत्तर व ७१.२ अंश पूर्व, वाऱ्याचा वेग ५५ नॉट, हालचाल ईशान्येकडे ताशी १५ किलोमीटर, ईशान्य चतुर्थांशात ३४ नॉट वाऱ्याची त्रिज्या ८० सागरी मैल. (हे उदाहरण सरावासाठी तयार केलेले आहे.) ते रत्नागिरीच्या दृष्टीने वाचायचे आहे.

प्रथम वेळ पाहावी. यूटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले की भारतीय वेळ मिळते, म्हणून ही नोंद सकाळी साडेआठची आहे. तेरा देशांची घड्याळे वेगवेगळी असल्यामुळे ही एकच वेळ वापरली जाते. निरीक्षणानंतर बुलेटिन तयार होऊन हाती पडेपर्यंत साधारण दोन-तीन तास जातात, म्हणजे तुम्ही ते वाचत असताना सकाळचे अकरा वाजलेले असतात आणि वादळ तोवर जवळजवळ चाळीस किलोमीटर पुढे सरकलेले असते. मधल्या वेळेचा हा हिशेब न करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

त्यानंतर वेग. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर, त्यामुळे ५५ नॉट म्हणजे ताशी सुमारे १०२ किलोमीटर. हे तीव्र चक्रीवादळ आहे. हा वेग सरासरी असतो आणि मधूनमधून येणारे झोत त्याहून जोरदार असतात. घरांची कौले आणि पत्रे उडवण्याचे काम मुख्यतः हे झोतच करतात.

आता अंतर. रत्नागिरी साधारण १७ अंश उत्तर व ७३.३ अंश पूर्वेस आहे. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर आणि आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १०७ किलोमीटर. उत्तरेकडील फरक दीड अंश, म्हणजे १६७ किलोमीटर. पूर्वेकडील फरक २.१ अंश, म्हणजे सुमारे २२५ किलोमीटर. या दोन बाजूंचा कर्ण काढला की वादळाचे केंद्र रत्नागिरीच्या नैर्ऋत्येस सुमारे २८० किलोमीटरवर असल्याचे कळते. गणित नको असल्यास भिंतीवर मोठा नकाशा लावून फूटपट्टीने मोजावे; उत्तर जवळपास तेच येईल.

केंद्र ताशी १५ किलोमीटरने सरळ आले, तर ते पोहोचायला जवळपास एकोणीस तास लागतील, असे समजून अनेक जण स्वस्थ बसतात. परंतु ३४ नॉट म्हणजे ताशी ६३ किलोमीटर वेगाचा वारा केंद्राच्या पुढे ८० सागरी मैल, म्हणजे जवळपास १५० किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. तो वारा केंद्राच्या कितीतरी आधी, निरीक्षणापासून नऊ तासांच्या आत, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास किनाऱ्यावर येईल. अकरा वाजता बुलेटिन वाचणाऱ्याच्या हातात सहा तास उरतात. किनाऱ्यापासून साठ किलोमीटरवर असलेल्या आणि आठ नॉटने चालणाऱ्या ट्रॉलरला परत यायला खवळलेल्या समुद्राचा विचार न करताही चार तास लागतात. त्यामुळे तांडेलाला (बोटीच्या प्रमुखाला) वायरलेसवर कळवण्याचा निर्णय दुपारच्या जेवणापर्यंतही लांबवता येत नाही.

मार्गाच्या रेषेवर विसंबू नये

नकाशावर वादळाच्या पुढच्या मार्गाभोवती रुंद होत जाणारा शंकू काढलेला असतो. केंद्र त्या शंकूत कोठेही असू शकते, आणि वाऱ्याचा व पावसाचा तडाखा शंकूच्या बाहेरही बसू शकतो. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ महाराष्ट्रात जमिनीवर आलेच नाही. ते किनाऱ्याला समांतर जाऊन गुजरातमध्ये दीवजवळ धडकले. तरीही मुंबईसमोरच्या समुद्रात ‘पी-३०५’ ही बार्ज बुडाली आणि मोठी जीवितहानी झाली.

उत्तर गोलार्धात वादळ ज्या दिशेने जाते त्या दिशेच्या उजव्या हाताला वारा अधिक जोरदार असतो आणि तो समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ ईशान्येकडे सरकत रायगडच्या किनाऱ्यावर आले. त्याच्या उजवीकडे म्हणजे दक्षिणेला असलेल्या श्रीवर्धन, मंडणगड आणि दापोली या तालुक्यांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तर डावीकडील मुंबई तुलनेने वाचली. केंद्र आपल्या उत्तरेला जमिनीवर येणार आहे असे दिसले, तर कोकणातील गावाने ती सुटकेची बातमी समजू नये.

बुलेटिनमध्ये समुद्राच्या पाण्याची वाढ दिलेली असते ती नेहमीच्या भरतीच्या वर मोजायची असते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती कमी असताना, आलेली एक मीटरची वाढ आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आलेली तेवढीच वाढ यांत खाडीकाठच्या घरांच्या दृष्टीने फार मोठा फरक पडतो. तिथीवरून भरतीची वेळ सांगणारी जाणती माणसे प्रत्येक कोळीवाड्यात आहेत. त्यांना समितीत घ्यावे आणि बुलेटिनमधील आकडा व त्या दिवशीची भरती यांची बेरीज त्यांच्याकडून करून घ्यावी.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांनीही ही बुलेटिने वाचावीत. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘गुलाब’ आंध्र प्रदेशाच्या किनाऱ्यावर आले, दुबळे होऊन तेलंगणातून मराठवाड्यावर सरकले आणि तेथे मुसळधार पाऊस देऊन गेले. मांजरा धरणाचे दरवाजे उघडावे लागले. तीच प्रणाली पुढे अरबी समुद्रात उतरून पुन्हा बळावली, तिला ‘शाहीन’ हे नवे नाव मिळाले आणि ३ ऑक्टोबरला ती ओमानवर धडकली. नांदेड-बीडच्या आकाशातून गेलेल्या त्याच ढगांची वाट मस्कतमधील हवामानतज्ज्ञ पाहत होते.

परदेशी संकेतस्थळे पाहण्यास हरकत नाही, पण आकड्यांची सरमिसळ करू नये. भारतीय केंद्र वाऱ्याचा वेग तीन मिनिटांच्या सरासरीने देते आणि अमेरिकी नौदलाचे इशारा केंद्र एका मिनिटाच्या, त्यामुळे एकाच वादळाचा अमेरिकी आकडा मोठा दिसतो. मोबाईल ॲपवरील रंगीत नकाशे बहुधा एखाद्या संगणकीय प्रारूपाचे कच्चे उत्तर असते. पाच दिवसांनंतरचे असे चित्र गावाच्या गटावर टाकणे टाळावे.

बुलेटिनपासून घरापर्यंत

या बाबतीत बांगलादेशाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. भोलानंतर तेथे सरकार आणि रेड क्रिसेंट यांनी चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम उभारला आणि आज त्यात सुमारे ७६ हजार स्वयंसेवक आहेत. प्रत्येक वस्तीसाठी वीस जणांचे पथक असते आणि त्यातील निम्म्या जागा स्त्रियांच्या असतात. धोका वाढत जाईल तसे एक, दोन आणि तीन झेंडे लावले जातात, ध्वनिवर्धक घेऊन घरोघरी सांगितले जाते, आणि निवारा, बचाव व प्रथमोपचार यांची जबाबदारी आधीच वाटून दिलेली असते. स्त्रियांचा सहभाग येथे निर्णायक ठरला, कारण घरातील स्त्रियांपर्यंत सूचना न पोहोचणे आणि एकटीने निवाऱ्यात जाण्याचा संकोच, ही मृत्यूंची मोठी कारणे होती. मे २०२० मध्ये ‘अम्फान’ आले, तेव्हा कोविडच्या काळातही बांगलादेशाने वीस लाखांहून अधिक लोकांना निवाऱ्यांत हलवले.

आपल्या गावात याचे अनुकरण करण्यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक वाडीतून दोन माणसे, त्यांपैकी एक स्त्री, निश्चित करावीत आणि कोणत्या टप्प्यावर त्यांनी काय करायचे, हे लिहून ठेवावे. पूर्वसूचना आली की समुद्रात असलेल्या सर्व बोटींची नावे, खलाशांची संख्या आणि शेवटचा संपर्क यांची यादी मच्छीमार संस्थेने तयार करावी. पिवळी सूचना येताच आजारी, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि कच्च्या घरांतील कुटुंबे यांची यादी हातात घेऊन त्यांच्याशी प्रत्यक्ष बोलावे, निवारा म्हणून ठरलेल्या शाळेचे छप्पर, पाणी आणि शौचालय तपासावे. नारिंगी इशाऱ्यावर माणसे हलवण्यास सुरुवात करावी आणि वारा सुटण्यापूर्वी हे काम संपवावे. तहसील कार्यालयाचा औपचारिक आदेश आला की मगच हलायचे, असे ठरवून बसू नये. तयारी आदेशाच्या आधी पूर्ण असली पाहिजे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आणि राज्याचा १०७० आहे.

वादळात वीज आणि मोबाईल यंत्रणा कोलमडते, हे ‘निसर्ग’च्या वेळी रायगड-रत्नागिरीने अनुभवले. म्हणून शेवटचा महत्त्वाचा निरोप संपर्क असतानाच द्यावा, आणि तो तुटल्यानंतर कोणी कोठे भेटायचे, हे त्याच निरोपात सांगावे. वादळाचा डोळा, म्हणजे मधला शांत भाग, डोक्यावरून जाताना वारा अचानक पडतो व ऊनही पडू शकते. त्या वेळी कोणालाही बाहेर पडू देऊ नये, कारण थोड्याच वेळात उलट दिशेचा वारा तितक्याच जोराने सुरू होतो.

समुद्रातील माणसांसाठी शेजाऱ्यांची मदत

नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ‘ओखी’ कन्याकुमारीजवळ अतिशय झपाट्याने बळावले, तेव्हा केरळ-तमिळनाडूच्या शेकडो होड्या आधीच खोल समुद्रात होत्या. त्यांतील ६८ होड्या सिंधुदुर्गातील देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. म्हणून प्रत्येक बंदराच्या समितीने परप्रांतीय होड्या आल्यास त्या कोठे नांगरायच्या, खलाशांचे जेवण, औषधपाणी आणि घरी फोन यांची सोय कोणी करायची, हेही आपल्या आराखड्यात लिहावे. आपल्या बोटीही कधी दुसऱ्याच्या बंदरात जातात.

होडी वाऱ्याने भरकटून सागरी सीमेपलीकडे जाण्याची भीती गुजरात-महाराष्ट्राच्या तांडेलांना असते. अशा वेळी तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर किंवा वायरलेसच्या १६ नंबरच्या चॅनेलवर लवकरात लवकर कळवावे. आपले ठिकाण, बोटीचा नोंदणी क्रमांक आणि माणसांची संख्या इतके सांगितले तरी पुरते. बोटीची कागदपत्रे व खलाशांची ओळखपत्रे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत जवळ ठेवावीत. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय सागरी शोध व बचाव करारानुसार संकटातील माणसाला त्याचे राष्ट्रीयत्व न पाहता वाचवायचे असते आणि मुंबईतील सागरी बचाव समन्वय केंद्र शेजारी देशांच्या केंद्रांशी संपर्क ठेवते. डिसेंबर २०२४ मध्ये पोरबंदरहून इराणकडे निघालेले ‘अल पिरानपीर’ हे गलबत पाकिस्तानच्या बचाव क्षेत्रात बुडाले, तेव्हा दोन्ही देशांच्या यंत्रणांनी समन्वय साधला आणि भारतीय तटरक्षक दलाने बाराही खलाशांना वाचवले.

त्सुनामीची व्यवस्था वेगळी आहे आणि तिचा इशारा हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेकडून येतो. भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया हे तीन देश हिंदी महासागरासाठी ही सेवा देतात. कोकणाला यातील धोका प्रामुख्याने पाकिस्तान-इराणच्या मक्रान किनाऱ्याकडून आहे. नोव्हेंबर १९४५ मधील तेथील भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या. त्सुनामीत तयारीला दिवस मिळत नाहीत, फार तर काही तास मिळतात, त्यामुळे उंचावर जाण्याची वाट गावाला आधीच माहीत हवी.

वर्षातून दोनदा, मार्चच्या अखेरीस आणि सप्टेंबरमध्ये, एखाद्या जुन्या वादळाची बुलेटिने घेऊन समितीने सराव करावा. ‘निसर्ग’ची बुलेटिने क्रमाने वाचावीत, प्रत्येक बुलेटिननंतर थांबून अंतर, उरलेले तास आणि समुद्रातील बोटी यांचा हिशेब फळ्यावर मांडावा आणि त्या क्षणी आपण कोणाला फोन केला असता, हे नावानिशी लिहावे. ज्या क्रमांकावर फोन लागणार नाही, तो त्याच दिवशी यादीतून बदलावा.